फटफटीचा जीर्णोद्धार

घर वाटून घेता येते, शेताचे तुकडे पाडता येतात, सोने तोळ्यांवर मोजून देता येते. मोटारसायकलीची मात्र वाटणी होत नाही. ती कोणा एकाकडे जाते, किंवा कोणाकडेच न जाता गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहते. पैनगंगा ओलांडून आदिलाबाद जिल्ह्यात शिरले की कापसाच्या वखारीत, जुन्या वाड्याच्या पडवीत, रिकाम्या पोत्यांच्या ढिगाआड एखादे असे यंत्र दृष्टीस पडावे, यात नवल नाही. घरातील वडीलधारी माणसे तिला मोटारसायकल म्हणत नाहीत, ‘फटफटी’ म्हणतात. ती गावात आली तेव्हा तिचे नाव लोकांना ठाऊक नव्हते, आवाज तेवढा ठाऊक झाला होता.

आजोबांनी घेतलेली, वडिलांनी काही वर्षे चालविलेली, पुढे हप्त्यावर नवी हलकी गाडी आल्यावर बाजूस पडलेली ही फटफटी नातवाच्या मनात एक दिवस येते आणि तिला पुन्हा चालू करण्याचा संकल्प सोडला जातो. संकल्प सोपा असतो. परंतु त्यात एक प्रश्न दडलेला असतो आणि तो पहिला नट सोडविण्यापूर्वीच सोडवावा लागतो. गाडी नवी करावयाची की चालती करावयाची? या दोन गोष्टी एक नव्हेत. बहुतेक जुन्या गाड्यांचा घात हा भेद न ओळखल्यामुळे होतो.

उदाहरणादाखल बुलेट घेऊ या. इंग्लंडातील रेडिच येथील रॉयल एनफिल्ड कारखान्याने ‘बुलेट’ हे नाव १९३२ साली प्रथम वापरले. दुसऱ्या महायुद्धानंतर तिला नवे रूप मिळाले. मागच्या चाकास झोके घेणारी दांडी व धक्के शोषणाऱ्या नळ्या आल्या. भारतीय सेनेने सीमेवरील गस्तीसाठी ती पसंत केली. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचचा कारखाना यांनी मिळून एनफिल्ड इंडिया ही कंपनी काढली व मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे गाड्या जुळविण्यास प्रारंभ झाला. प्रथम सुटे भाग विलायतेहून येत, पुढे ते सर्व येथेच होऊ लागले. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला आणि थोड्याच वर्षांत मूळ इंग्रजी कंपनीही संपली. मद्रासचे पाते मात्र जगले. विलायतेत जी गाडी इतिहासजमा झाली, तीच येथे दूधवाल्यांपासून फौजदारांपर्यंत सर्वांची राहिली. त्यामुळे जुन्या बुलेटच्या नातवाला एक सोय आहे, जी इतर अनेक जुन्या गाड्यांच्या वारसांना नाही. तिचे पुष्कळ सुटे भाग आजही बाजारात मिळतात. सोयीचे हे खरे संकट कसे होते, ते पुढे येईलच.

आदिलाबादच्या गाडीला यंत्राच्या इतिहासाबरोबर प्रदेशाचाही इतिहास चिकटलेला असतो. १९५५ साली हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता, आणि किनवट व राजुरा हे तालुके त्याच जिल्ह्याचे भाग होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट व राजुरा मुंबई राज्याकडे आले आणि १९६० साली महाराष्ट्रात राहिले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला. भाऊबंद तेच, लग्नसंबंध तेच, बाजारहाटही बरीचशी तीच. मधून राज्याची सीमा तेवढी गेली. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी या एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. नव्या वाहनांच्या पाटीवर येथे आधी ‘एपी ०१’ असे, २०१४ नंतर ‘टीएस ०१’ आले, २०२४ पासून ‘टीजी ०१’ आहे. भिंतीला टेकून उभी असलेली फटफटी इतक्या काळात वीतभरही हललेली नसते. तिचा जुना क्रमांक कोणत्या राज्याचा, हे सांगण्यास मात्र आता वडीलधाऱ्यांना बोलवावे लागते.

आता जीर्णोद्धाराकडे वळू. हा शब्द देवळांसाठी वापरला जातो, आणि देवळांच्या बाबतीत तो कसा वापरला जातो हे सर्वांनी पाहिलेले आहे. काळ्या दगडाच्या हेमाडपंती देवळाला गावकऱ्यांचे प्रेम अनावर झाले की तैलरंगाचा डबा येतो. सभामंडपाला चकचकीत फरशी बसते, खांबावरील नक्षी रंगाच्या थराखाली बुजते, आणि वर्गणीदारांच्या नावांची पाटी तेवढी स्पष्ट वाचता येते. श्रद्धा खरी असते, खर्चही खरा असतो. देऊळ मात्र हरवते. फटफटीचे नेमके हेच होते. टाकीवरील कारखान्याचा रंग खरवडून काढला जातो, तिच्यावर हाताने ओढलेल्या बारीक सोनेरी रेषा पुसल्या जातात, नटबोल्टांना क्रोमियमचा आरसा चढतो आणि आजोबांच्या जागी शोरूम येऊन उभी राहते.

जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेल्या ‘फिव्हा’ या संस्थेने, २०१२ साली इटलीतील ट्युरिन येथे याविषयी एक सनद संमत केली. जुन्या वाहनाचे जतन आधी, पुनर्घडण नंतर, आणि तीही जेवढी अवश्य तेवढीच, असा तिचा रोख आहे. वाहनाच्या अंगावर काळाने उमटविलेल्या खुणा हाही त्याच्या इतिहासाचा भाग मानला जातो. ही दृष्टी पश्चिमेकडून आली असे मानण्याचे मात्र कारण नाही. पाली ग्रंथ ‘मिलिंदपन्ह’ यात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला त्याच्या रथाविषयी विचारतो. आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, दांडी म्हणजे रथ काय? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कोठे आहे? जुनी बुलेट उघडून अंगणात चादरीवर मांडली की हा प्रश्न ग्रंथातला राहत नाही. पिस्टन बदलला, चाकांच्या धावा बदलल्या, तारा बदलल्या, सीट बदलली. मग आजोबांची गाडी नेमकी कोणती उरली?

व्यवहारी उत्तर असे आहे की, झिजण्यासाठीच केलेले भाग बदलण्यात पाप नाही. पिस्टनच्या रिंगा, क्लचच्या प्लेटा, ब्रेकचे अस्तर, टायर, रबर, विजेच्या तारा हे सर्व आजोबांनीही बदललेच असते. सांगाडा, इंजिनाचे ओतीव कवच, टाकी, मडगार्डे, दिव्याचे घर, हँडल हे मात्र त्या गाडीचे शरीर. ते वाकले असेल तर सरळ करावे, गंजले असेल तर गंज थांबवावा, भोक पडले असेल तर तेवढाच पत्रा जोडावा. बाजारात नवी टाकी सहज मिळते, म्हणून जुनी भंगारात देण्याचा मोह होतो. सोयीचे संकट म्हणतात ते हेच.

काम सुरू करताना पहिली चूक घडते ती उत्साहाच्या भरात. गाडी ओढून उजेडात आणली जाते आणि कोणीतरी तरुण तिला जोरात किक मारतो. वीस-तीस वर्षे कोरडे पडलेले इंजिन असे फिरविणे म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर कानशीने घासण्यासारखे आहे. प्लग काढून त्या भोकातून थोडे तेल आत सोडावे, ते चार-आठ दिवस मुरू द्यावे, आणि मगच हाताने मागचे चाक फिरवून इंजिन हलते काय ते पाहावे. तोवर गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. कोणती तार कोठून गेली, कोणता वॉशर कोणत्या बाजूस होता, हे नंतर आठवत नाही. आणि आठवते असे ज्यांना वाटते त्यांच्या गाडीतून शेवटी दोन-चार नट उरतात.

बुलेटचे इंजिन समजण्यास सोपे आहे. एकच सिलिंडर, व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, घनफळ ३४६ घनसेंटिमीटर. धाव व्यासाहून लांब, म्हणून ठोके सावकाश व जोरकस. फटफट हा आवाज तेथून येतो. मात्र या साधेपणात एक नाजूक जागा आहे. इंजिनाचे तेल वेगळ्या डब्यात नसून कवचातच ओतलेल्या कप्प्यात असते. एक पंप ते क्रँककडे ढकलतो, दुसरा परत आणतो. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला अनेक गाड्यांत गोळ्यांचे किंवा रुळांचे बेअरिंग असते, तर जुन्या बुलेटमध्ये मोकळी फिरणारी बुश. ही बुश तेलाच्या पातळ थरावर तरंगते. तेल वेळच्या वेळी बदलले तर ती दीर्घकाळ टिकते; तेल अडले तर ती प्रथम जाते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत त्या कप्प्याच्या तळाशी जुन्या तेलाचा डांबरासारखा गाळ बसलेला असतो. वरून नवे तेल ओतून इंजिन सुरू केले की हा गाळ सैल होतो, बारीक वाटांत जाऊन बसतो, आणि शंभर मैलांच्या आत खालून ठणठण ऐकू येऊ लागते. म्हणून इंजिन वरवर ठीक वाटले तरी कप्पा, पंप, गाळणी आणि तेलाच्या वाटा उघडून धुतल्यावाचून गत्यंतर नाही. सगळ्या जीर्णोद्धारात एकच काम नीट करावयाचे असेल, तर ते हे.

सिलिंडर झिजला असेल तर लेथवाल्याकडे तो बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवितात. मापे इंचाच्या हजारांशांत २०, ४०, ६० अशी वाढत जातात. प्रत्येक वेळी लोखंड थोडे कमी होते, म्हणून लेथवाल्याला ‘साफ निघेल तेवढेच’ असे सांगावे. तो सवयीने पुढचेच माप धरतो. दुसरे असे की, या जुन्या गाडीचे आटे इंचांच्या विलायती मापाचे आहेत. आजच्या गॅरेजमधील मिलिमीटरचे पाने तिच्या नटांवर जवळजवळ बसतात. हे ‘जवळजवळ’ फार घातक. नटाचे कोपरे गोल होतात, मग छिन्नी येते, आणि पन्नास वर्षे शाबूत राहिलेला नट पाच मिनिटांत निकामी होतो. जुन्या उस्तादाच्या पेटीत त्या मापाचे पाने असतात. असा उस्ताद आदिलाबादला, निर्मळला किंवा नदीपलीकडे पांढरकवड्याला सापडला तर त्याची वेळ पाहून काम द्यावे, आपली घाई त्याच्यावर लादू नये. तो मराठी, तेलुगू व दखनी यांची मिसळ बोलतो, टॅपेटची फट पातळ पात्याने मोजतो खरी, परंतु शेवटचा निर्णय कानाने करतो. ही विद्या पुस्तकात उतरलेली नाही. त्याच्या हाताखाली नातू चार दिवस बसला तर गाडीबरोबर तीही घरात येते.

सुट्या भागांसाठी आदिलाबादहून दोन वाटा फुटतात. उत्तरेस नागपूर सुमारे २०० किलोमीटर, दक्षिणेस हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. दोन्ही एकाच हमरस्त्यावर. नव्याने केलेले भाग दुकानांत मिळतात. जुने अस्सल भाग भंगार बाजारांत शोधावे लागतात. दिल्लीचे करोल बाग तर बुलेटच्या भागांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. नव्या भागांची चकाकी व धातू यांचा परस्परांशी संबंध असतोच असे नाही. घरातील जुना भाग दुरुस्त होण्याजोगा असेल तर तोच बरा.

रंगाविषयी वर सांगितलेच. काळी माती, कापसाची धूळ आणि कोंबड्यांचा मुक्काम यांनी माखलेली टाकी पाहून ती गेलीच असे वाटते. पण साधा साबण, मऊ फडके आणि धीर एवढ्यावर पुष्कळदा खालून मूळ काळा रंग वर येतो. गुडघे टेकून टेकून तो दोन्ही बाजूंना उडालेला असतो. हे दोन पुसट ठिपके म्हणजे त्या घरातील एका माणसाच्या बसण्याचे माप आहे. ते रंगवून टाकण्यापूर्वी घरातील वृद्ध स्त्रीला एकदा दाखवावेत. बहुधा रंगाचा विचार तेथेच थांबतो.

जुन्या यंत्रापुढे काही नवे धोकेही आहेत. २०२५ पासून देशभर बहुतेक पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषते, जुने रबर फुगविते, आणि बुलेटच्या पेट्रोलच्या नळात बुचाचे म्हणजे कॉर्कचे पॅकिंग असते, त्यालाही ते मानवत नाही. टाकी भरून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये. पाइप व पॅकिंग नव्या जातीचे वापरावे. ब्रेकच्या जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. सर्वात मोठा धोका मात्र सवयीचा आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाखाली आणि ब्रेक डाव्या पायाखाली असतो, आणि पहिला गिअर वर उचलावा लागतो. आजच्या गाड्यांवर शिकलेला नातू रस्त्यावर म्हैस आडवी आली की उजवा पाय दाबतो. गाडी थांबत नाही, गिअर बदलते. म्हणून मोकळ्या मैदानात पायांची नवी सवय लागेपर्यंत तिला रस्ता दाखवू नये. फिरवून आणणाऱ्या मित्रांच्या हाती तर मुळीच देऊ नये.

आता कागदांचा विषय. तो रुक्ष आहे, पण गाडी घरात राहणार की नाही हे इंजिनापेक्षा त्यावरच ठरते. बहुतेक घरांत फटफटी अजून आजोबांच्याच नावावर असते. मालक निवर्तल्यास वारसाने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नाव चढवून घ्यावे, असा नियम आहे. तीन महिन्यांऐवजी तीस वर्षे झालेली असतात. वारस दोन राज्यांत पांगलेले असतात. आत्या किनवटला, एक काका पुण्यास, दुसरे आदिलाबादेत. इतके दिवस कोणी न विचारलेल्या भंगाराला गिऱ्हाईक आले आहे असे कळताच सर्वांना आजोबांची आठवण एकाच आठवड्यात येते. यात दोष कोणाचाच नाही. म्हणून सर्वांची लेखी संमती गाडी उघडण्यापूर्वी घ्यावी, चालू झाल्यावर नव्हे. नोंदपुस्तक हरवले असेल तर पोलिसांत कळवून नमुना २६ वर दुय्यम प्रत मागावी लागते. नोंद त्या काळच्या कागदी वहीत असेल तर ती संगणकात चढवून घ्यावी लागते. गाडी नदीपलीकडे कायमची न्यावयाची असेल तर ना हरकत प्रमाणपत्र हवे. १९५६ पूर्वी ज्या दोन गावांमध्ये जिल्ह्याचीदेखील सीमा नव्हती, त्यांच्यामध्ये आता नमुना २८ उभा आहे.

यापुढे एक निवड करावी लागते. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. ज्यांच्या सांगाड्यात, शरीरात व इंजिनात मोठे फेरफार झालेले नाहीत, अशा वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुढील नोंदणीस ५,००० रुपये. आधी नोंदलेल्या वाहनास जुना क्रमांक राखता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर पडते. दुसरा मार्ग सामान्य नोंदणीचा. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून घ्यावी, नोंद नूतन करावी आणि तिच्यावरून बाजारला जावे. ज्याने अतिउत्साहाने सांगाडा कापला, नवे कवच बसविले, त्याला पहिला मार्ग बंद होऊ शकतो. ज्याने गंज काढता काढता सांगाड्यावरचा क्रमांकच कानशीने घासून टाकला, त्याला दोन्ही बंद. तो क्रमांक म्हणजे यंत्राचा जन्मदाखला; घासलेला क्रमांक पुन्हा ठोकून घेणारे कारागीर भेटतील, पण त्यांच्या वाटेस जाऊ नये, कारण चोरीची गाडी ओळखण्याची पोलिसांची पहिली खूण तीच आहे.

या दोन मार्गांपैकी कोणता बरा, हे त्या गाडीने आयुष्यात काय केले यावरून ठरवावे. संस्थानी गॅरेजमध्ये सणासुदीला निघालेली गाडी प्रदर्शनात शोभेल. जिने उटनूर-इंद्रवेल्लीच्या बाजूला कापसाचे सौदे पाहिले, केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला दोघातिघांना वाहून नेले, पावसाळ्यात मडगार्ड व टायर यांच्यामध्ये काळी माती गच्च बसून चाक थांबल्यावर काडीने कोरून घेतले, तिला काचेआड ठेवणे म्हणजे बैल पोळ्यापुरता पाळण्यासारखे आहे. ब्रेक विश्वासू असतील व चालविणारा सावध असेल, तर अशा गाडीला सामान्य नोंदणीच योग्य.

आणि मग तो दिवस येतो. नवे तेल भरलेले, प्लग स्वच्छ, पेट्रोल थोडेच. अंगणात शेजारी जमलेले. श्रोत्यांपैकी ज्यांनी बॅटरीच्या इग्निशनची जुनी बुलेट चालविली असेल त्यांना हा विधी ठाऊक आहे. चावी फिरवावी, किक हळू दाबत अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत जावे, हँडलवरची डीकॉम्प्रेशनची छोटी दांडी ओढून किंचित पुढे सरकावे, दांडी सोडावी, किक वर येऊ द्यावी, आणि मग ताकदीने नव्हे तर शरीराच्या भाराने एक पूर्ण किक. घाई केली तर ती उलट मारते आणि घोटा लक्षात ठेवतो. पहिल्या किकला काही होत नाही. तिसऱ्या-चौथ्या किकला एक ठोका, निळसर धूर, उंदराच्या घरट्याचा थोडा भाग सायलेन्सरमधून बाहेर. नंतर दुसरा ठोका, आणि मग ते सावकाश, मोकळे, एकसारखे फटफटणे. आतून कोणी तरी म्हातारे माणूस उठून बाहेर येते.

त्या दिवशी फार दूर जाऊ नये. रिंगा बसेपर्यंत पहिले पाचशे मैल ताशी तीस मैलांच्या आत चालवावी. जुना वेगमापक मैलांतलाच असतो, तो बदलू नये आणि त्यातील एकूण मैलांचा आकडा कोणी शून्यावर आणून देतो म्हटले तर नको म्हणावे. पाचशे मैल झाले की इंजिन गरम असतानाच तेल काढावे, गाळणी पाहावी, हेडचे नट पुन्हा आवळावेत, टॅपेटची फट मोजावी, आणि मगच निर्मळचा घाट चढावा.